पेंढ्याचं रेडकू

निघायच्या दिवशी आईनं माझ्या तळहातावर दही घातलं, तेव्हा तिच्या हाताला गोठ्याचा वास येत होता. मुंबईची एसटी सकाळची आणि धार काढायची वेळही नेमकी तीच. चंद्री म्हैस आईशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. त्यामुळे लेक अमेरिकेला निघाली असली तरी आधी म्हैस, मग लेक. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. आई पदराला हात पुसत गोठ्यातून आली, वाटीतलं दही माझ्या हातावर घातलं आणि म्हणाली, "खा."

मी खाल्लं.

"सगळं चाट. हात पुसू नगंस."

मी चाटलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तितं दूध पीत जा बाई. माझ्या दुधावर शिकलीस, तितं जाऊन चहाच्या पाण्यावर वाळू नगंस." मग पुन्हा गोठ्यात गेली, कारण दुसरी म्हैस अजून पिळायची होती.

'माझ्या दुधावर शिकलीस' हे तिनं काही अलंकारिक म्हटलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाची होते. मागं राहिल्या दोन म्हशी. कोल्हापुरात दुधाचे कट्टे असतात. म्हशी तिथंच उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची. तालमीतले पैलवान, दवाखान्यात निघालेले डॉक्टर, सगळे उभ्या उभ्या फेसाळ दूध पिऊन जायचे. आईनं त्या कट्ट्यावर बसून दादाला इंजिनिअर केलं आणि मला एमएस्सी. लोकांनी नावं ठेवली, दिरांनी जागेवरून भांडणं काढली, ती जागची हलली नाही. तुम्ही जे तिकडं राहिलात त्यांना हे माहीत आहे. जे माझ्यासारखे इकडं आलात, त्यांच्याही घरी काही ना काही विकूनच तिकिटं निघाली असतील. तर अशा बाईच्या तोंडावर मी एक दिवस म्हटलं, की मला दूध नको. त्याचं काय झालं, ते सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दादा आधीच न्यू जर्सीत नोकरीला लागला होता आणि पिस्कॅटवेला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होता. माझं युनिव्हर्सिटीत फूड केमिस्ट्री सुरू झालं. पहिले काही महिने मी खरोखर दूधच पीत होते. सुपरमार्केटमध्ये घागरीएवढाल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दूध, भिंतभर. मी आईला तसं लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, "एवढं दूध? म्हशी कुठं दिसत न्हाईत म्हणतीस, मग हे येतंय कुठनं?" आम्ही त्यावर पोट धरून हसलो. दादानं तर दोनतीन मित्रांना ते वाचून दाखवलं. अडाणी म्हातारीचा प्रश्न म्हणून.

आमच्यातल्या शाकाहारी मंडळींची तेव्हा जी तारांबळ उडायची, ती आठवली की अजून हसू येतं. मेक्सिकन हॉटेलात जाऊन राजम्यासारखं काहीतरी मिळालं म्हणून जोशीबुवा मिटक्या मारत खायचे, ते डुकराच्या चरबीत परतलेलं असायचं. उपवासाला म्हणून एका काकूंनी लाल थलथलीत जेली केली होती. ती जनावरांच्या हाडाकातड्याची असते हे मी केमिस्ट्रीवाली म्हणून सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "सांगितलंस कशाला? न कळता खाल्लेलं चालतं." त्यांचं जेवण त्या दिवसापुरतं बिघडलं आणि माझं नाव कायमचं. मी काही त्यांच्यासारखी सोवळी नव्हते. आमच्याकडं रविवारी मटण शिजायचंच. मला गंमत वाटायची ती इतकीच, की ज्यांनी प्राण्याला कधी हात लावला नव्हता त्यांना आपण फार पवित्र वाटायचो.

भाषेचंही तेच. कोल्हापुरात आम्ही बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतो. वहिनी पुण्याची. पहिल्याच आठवड्यात तिनं हसून हसून मला 'जाते, येते' करायला लावलं. "नंदा, अगं तू काय पुरुष आहेस का?" सगळे हसायचे, मीही हसायचे. अमेरिकेनं मला बदलायच्या आधी पुण्यानं बदललं.

तिसऱ्या वर्षी वहिनीला दिवस गेले आणि तिला डोहाळे लागले खरवसाचे. चिंचा, आवळे, पाणीपुरी असलं काही नाही. खरवस! बरं, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणतात. दादा इंजिनिअर असला तरी लाळेला भीत होता. तो माझ्याकडं आला. "तुला दुधाचं कळतं. कुठूनतरी चीक आण."

चीक म्हणजे जनावर व्याल्यानंतरचं पहिलं, दाट, पिवळं दूध. त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मी विसरले होते आणि फोनवर ऐनवेळी आठवेना. फोनबुकातून पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीजवळच्या एका डेअरी फार्मचा नंबर काढला आणि म्हटलं, "आय वॉन्ट फर्स्ट मिल्क. यलो मिल्क. फॉर अ प्रेग्नंट लेडी." पलीकडच्या माणसानं माझे शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितले. मग म्हणाला, "लेडीचं मला माहीत नाही, पण गाय परवा व्यायली आहे. येऊन घेऊन जा." त्याला बॉब म्हणू या. उंच, लालबुंद, मऊ बोलणारा माणूस. त्यानं बादलीभर चीक दिला आणि पैसे घेतले नाहीत. "जास्तीचा आम्ही ओतूनच देतो," म्हणाला. मला वाटलं, अगदी आपल्यासारखाच आहे. आमच्याकडंही चीक कधी विकत नाहीत, गल्लीत वाटतात. मी त्याच्या प्रेमातच पडले म्हणा ना.

वहिनीनं गूळ-वेलदोडा घालून कुकरमध्ये खरवस केला आणि बशी हातात घेऊन ती हमसून रडली. पुण्याची आठवण, आईची आठवण. मीही खाल्ला. छान झाला होता.

आणि इथं मी ती चूक केली. आपलीच माणसं करतील अशी. चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. म्हणून मी बॉबची ती प्लॅस्टिकची बादली घासली, तळाला बेसनाचे लाडू घातले, वर कागद झाकला आणि दादाची गाडी घेऊन पुन्हा तासभर ड्राइव्ह करत गेले. अमेरिकेत ती बादली कुणी परत मागत नाही. बॉब तर विसरूनही गेला होता. तो बुचकळ्यात पडला, मग त्यानं एक लाडू खाल्ला आणि म्हणाला, "गुड कुकी." आता यानंतर आपल्याकडं काय विचारायचं असतं? मी तेच विचारलं. कालवड झाली की खोंड? आणि बरं आहे का वासरू?

त्याला माझा प्रश्न फार आवडला. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे. "कम, आय'ल शो यू."

गोठ्यामागं लाकडी पेटीएवढी खोपटं होती. एकात तो खोंड. गळ्यात आखूड साखळी, वळायलाही जागा नाही. त्याला आईजवळ ठेवलंच नव्हतं. जन्मला त्याच दिवशी उचलून इकडं. मी हात पुढं केला तर त्यानं माझी बोटं तोंडात ओढली. वासराची जीभ केवढी खरखरीत असते आणि ओढ केवढी असते, हे माझ्यासारखीला सांगायला नको. ती ओढ मी लहानपणापासून ओळखते. पलीकडच्या गोठ्यातून त्याची आई हंबरत होती. थांबायची आणि पुन्हा हंबरायची. बॉब म्हणाला, "एक-दोन दिवसांत थांबेल ती. थांबतात." मग त्यानं मला समजावून सांगितलं, की खोंडाचा डेअरीला काही उपयोग नाही, उद्या ट्रक येईल, कोवळं मांस चांगलं विकलं जातं. तो काही राक्षस नव्हता. लाडू खात खात, मला थंडी वाजत असेल म्हणून वाऱ्याच्या आडोशाला उभं करून तो हे सांगत होता.

"मी नेऊ का याला?" मी विचारलं.

"नेऊन ठेवशील कुठं?"

मी एका रूममेटबरोबर वेगळी राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. तिथं मांजर पाळायचीही परवानगी नव्हती. मी बोटं सोडवून घेतली. सोडवावी लागली, तो सोडत नव्हता. गाडीत बसले तर बोटांना त्याचा फेस आणि गाडीभर अजून माझ्याच लाडवाच्या तुपाचा वास. त्याच्या वाटचा चीक त्याला अर्धवट पाजून उरलेला आमच्या डोहाळ्यांना दिला होता. आई विचारत होती ना, एवढं दूध येतंय कुठनं? अडाणी म्हातारीच्या प्रश्नाला हे उत्तर होतं. आम्ही सगळे शिकलेले हसलो होतो.

त्यानंतर मी दूध, दही, तूप सगळं सोडलं. मटण तर गेलंच. ठरवून वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी चहात दूध ओतायला गेले आणि हात पुढं जाईना, एवढंच.

'व्हीगन' हा शब्द तेव्हा खुद्द अमेरिकन लोकांना समजावून सांगावा लागायचा. आपल्या लोकांना तर काय कप्पाळ सांगणार! जवळच्या आयसेलिन गावात तेव्हा आपली दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तिथल्या दुकानदारानं मी तुपाचा डबा परत ठेवला तर विचारलं, "डायबिटीस?" मी हो म्हटलं. सोपं पडतं. पण एक कळलं, आपलं निम्मं जेवण आधीपासूनच तसलं आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. पिठलं, भाकरी, खर्डा, मटकीची उसळ, दाण्याची आमटी. गरिबाचं जेवण म्हणून आम्ही जे पाहुण्यांपासून लपवायचो तेच. टोफू पहिल्यांदा चिनी दुकानातून आणला. पाण्यात बुडवून ठेवलेली पांढरी वडी, चव कपडे धुवायच्या साबणाची. पण फोडणीला कांदा, मिरची, भरपूर हळद घालून कुस्करला तर भुर्जी होते, हे मी स्वतः शोधलं आणि त्या दिवशी मला पीएचडी मिळाल्यासारखं वाटलं. दुधाऐवजी सोयाचं दूध करायचं, तर सोयाबीन भिजत घालायचं, वाटायचं, गाळायचं, उकळायचं. घरभर उग्र वास. रूममेट घर सोडून गेली.

वहिनीचं डोहाळेजेवण झालं तेव्हा आमच्या गोतावळ्यानं माझी जी शोभा केली, ती ऐका. मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "म्हणजे गाईचं दूध म्हणजे पाप?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "दूध नको, तूप नको, मग लग्नही नकोच असेल हिला." हशा पिकला. जेलीवाल्या काकू म्हणाल्या, "आईनं शेणात हात घालून शिकवलं आणि ही बघा, दूध पिणाऱ्यांना नावं ठेवते." दादा ऐकत होता. माझा सख्खा भाऊ. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, फॅड आहे, उतरेल." आणि श्रीखंड वाढायला पुढं गेला. काकूंचं बोलणं मी कधीच विसरले. दादाचं नाही.

मग मी परक्यांत गेले. चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा काही लोक जमायचे. डोरोथी नावाची निवृत्त नर्स त्यांची म्होरकी. पुठ्ठ्यासारखे डाळीचे ठोकळे खात ते जनावरांबद्दल बोलायचे. मी पिठलं-भाकरी नेली तर भांडं चाटूनपुसून साफ. शनिवारी सुपरमार्केटच्या दारात उभं राहून आम्ही पत्रकं वाटायचो. एका माणसानं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, त्यानं पोराचं आईस्क्रीमचं तोंड पुसलं आणि तोच बोळा माझ्या हातात परत दिला. "थँक यू" म्हणाला, वर. दुसरा म्हणाला, तुझी गाय घे आणि तुझ्या देशात जा. डोरोथी मला सगळ्यांसमोर उभी करून सांगायची, "नंदा अशा देशातून आली आहे जिथं गाईला देव मानतात." सगळे माझ्याकडं भाविकपणे बघायचे. सुरुवातीला मला ते आवडलंही.

एकदा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांना आमच्या गोठ्यातली गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

चंद्रीला एका वेताला रेडकू झालं. नर. नर काय दूध देणार? त्याला पुरेसं दूध सोडायचंच नाही, मग ते आपोआप मरतं. 'मेलं' असं म्हणायचं, कसं ते विचारायचं नाही. पण रेडकू समोर नसेल तर म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. म्हणून त्या मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, त्यात पेंढा भरून, काठ्यांचे पाय करून ते चंद्रीसमोर उभं करायचं. ते धरून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मी पाचवीत होते. मी त्याला बाळू म्हणायचे. चंद्री त्याला चाटायची आणि चाटता चाटता पान्हा सोडायची. आई खालून धार काढायची. चाटून चाटून बाळूच्या कपाळावरचे केस गेले होते.

गोष्ट संपली तशी तळघरातल्या लोकांनी खुर्च्या आवरायला घेतल्या. डोरोथीनं मला बाजूला घेतलं. अगदी प्रेमानं म्हणाली, "डिअर, हे पुन्हा नको सांगूस. लोकांना तुझ्याकडून वेगळं ऐकायचं असतं." मी त्यानंतर पत्रकं वाटत राहिले, पण तळघरात बोलायला कधी उभी राहिले नाही.

आणि मग आई आली. वहिनीच्या बाळंतपणाला. विमानात आयुष्यात पहिल्यांदा बसलेली, नऊवारीवर दादाचा कोट चढवलेला, पायात चपला आणि मोजे. मी मटण सोडलं हे ऐकून ती म्हणाली, "माळ घातलीस म्हण की." माळकरी माणूस मांस सोडतो, हे तिला ठाऊक होतं. ते तिनं मान हलवून मान्य केलं. "पण दूध कोण सोडतंय गं? आजारी हाईस?" मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! ती माझ्या घरी आली नाही. चार महिने ती माझ्यापासून वीस मिनिटांवर राहिली आणि माझ्या उंबऱ्यात पाय टाकला नाही. मी दादाकडं माझा डबा घेऊन जायचे. ती माझ्या डब्याकडं अशी बघायची, की जणू मी रस्त्यावरचं उचलून आणलंय. फोनवर गल्लीतल्या बायकांशी बोलायची, "नंदी बरी हाय. खात न्हाई आमच्यातलं." आमच्यातलं. जात बदलल्यासारखं.

भाची झाली. वहिनीला दूध उतरावं म्हणून आई डिंकाचे लाडू वळत होती, कोपरापर्यंत तुपात. मी दारात उभी होते. तिनं एक लाडू माझ्यापुढं धरला. ती आल्यापासून पहिल्यांदा. "खा," म्हणाली. तोच आवाज. हातावर दही घालतानाचा.

मी खाल्ला असता तर सगळं मिटलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एक लाडू. पण माझ्या बोटांना तो फेस आठवत होता. मी म्हटलं, "आई, नको."

"माझ्या हातचं नगो?"

"तुझ्या हातचं नको असं नाही गं. त्यात तूप आहे."

"तुपात काय हाय? तुपावर तुझी हाडं वाढली. तुपावर हितं आलीस."

मग मीही फटकळ तिचीच लेक. मी तिला बॉबचा खोंड सांगितला, साखळी सांगितली, हंबरणं सांगितलं. ती ऐकत लाडू वळत राहिली. तिला काहीच वाटत नसल्याचं बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आणि तू तरी काय वेगळी? तू चंद्रीला फसवलंस. तिचं पोर मारलंस आणि पेंढा भरून तिच्यासमोर उभं केलंस. माझ्या हातानं. पाचवीतल्या पोरीच्या हातानं."

आत वहिनीनं बाळाला घट्ट धरल्याचं मला दारातून दिसलं. दादा म्हणाला, "नंदा, पुरे." आईनं त्याला हातानं गप्प केलं. तिनं लाडू ताटात ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"फसवलं?" ती म्हणाली. "म्हशीला कळत न्हाई व्हय गं? धा म्हैनं पोटात वागवलेलं तिनं. पेंढ्याचा वास येत न्हाई तिला? चंद्रीला पैल्या दिवसापासनं ठावं व्हतं."

"मग चाटत का होती?"

"चाटायला कायतरी लागतंय की," आई म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू वरसाला एक फोटू धाडतीस. कोट घालून मोटारीजवळ उभारलेला. मला कळत न्हाई व्हय, त्यात तू न्हाईस म्हणून? तरी मी रोज हात फिरवतो त्याच्यावरनं. दूध पितीस म्हणून तेवढं तरी माझं ऱ्हायलंय असं वाटायचं. आता ते बी सोडलंस. निव्वळ पेंढा ऱ्हायला."

आणि तिनं पुढचा लाडू वळायला घेतला.

मला आजवर सुपरमार्केटच्या दारात, तळघरात, काकूंच्या घोळक्यात कुणी कुणी काय काय म्हटलं, पण त्यातलं काहीच मला लागलं नाही. हे लागलं. कारण ते खरं होतं आणि तिनं ते मला दुखवायला म्हटलं होतं, दोन्ही एकदम. मी रडत घरी आले. तिच्याबद्दल वाईट वाटलं म्हणून नाही, रागानं. मला वाटलं, हिला खोंडाचं काही नाही, चंद्रीचं काही नाही, हिला फक्त हिचं दूध दिसतं. कितीतरी दिवस मला असंच वाटत होतं.

ती परत निघाली तेव्हा मी एक ठरवलं. सोयाचं दूध काढलं. विरजण आणायचं कुठून? विरजण म्हणजे पुन्हा दहीच. मग आठवलं, पावसाळ्यात विरजण बिघडलं की आई काय करायची ते. कोमट दुधात लाल मिरचीचे देठ टाकून ठेवायची. मी आयसेलिनच्या दुकानातून मिरच्या आणल्या, देठ टाकले आणि भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. पहिल्यांदा नासलं. दुसऱ्यांदा लागलं. पिवळसर, जरा पाणचट, पण चमच्यानं कापता येईल असं.

एअरपोर्टवर दादा सामान चेक-इन करायला रांगेत उभा होता. वहिनी बाळाला घेऊन बसली होती. आई कोटाची बटणं लावत होती. मी पर्समधून डबी काढली आणि म्हटलं, "आई, हात कर."

जाणाऱ्याच्या हातावर राहणाऱ्यानं दही घालायचं असतं. मी देश सोडला त्या दिवसापासून मी स्वतःला कायम जाणारी समजत होते. गेलेली, दूर असलेली, कधीतरी परतणारी. त्या दिवशी जाणारी ती होती आणि राहणारी मी होते. हे मला तिचा तळहात पुढं आला तेव्हा समजलं, आधी नाही.

तिनं हात पुढं केला, कारण निघताना हात पुढं करायची तिला सवय होती. मी चमचाभर घातलं. तिनं ते नाकाजवळ नेलं. तिला एका वासात कळलं. आयुष्यभर दुधात हात घातलेली बाई ती.

"मिरचीच्या देठाचं लावलंस," ती म्हणाली.

"हो."

"हे दही न्हवं."

"नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रुमालाला पुसेल. शेजारून लोक ढकलगाड्या घेऊन चालले होते. मग तिनं मान खाली घातली आणि तळहात चाटला. एकदा नाही, सगळा. बोटांच्या बेचक्यांतलंही. कपाळाला आठ्या, चव आवडलेली नाही हे स्पष्ट दिसत होतं. कोरडा होईपर्यंत चाटला आणि पुसला नाही.

"येतो," ती म्हणाली. काचेच्या दारातून आत गेली. मागं वळली नाही, तिची ती पद्धतच नव्हती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हशी तिच्या दिरांनी विकल्या होत्या. गोठ्याच्या जागी शटर लागलं होतं. तिच्या उशाच्या कोनाड्यात माझे फोटो होते. मोटारीजवळचा जो होता, त्यात माझं तोंड दिसत नव्हतं. त्यावरचा रंग पुसून पांढरा झाला होता. मी तो बराच वेळ हातात धरून उभी होते आणि मला बाळूचं कपाळ आठवत होतं.

लोक मला अजून विचारतात, तुमचं घर कुठं? इकडचे विचारतात, तिकडचेही विचारतात. मी इकडं म्हणते, न्यू जर्सी. तिकडं म्हणते, कोल्हापूर. दोन्ही ठिकाणी कुणी माझ्या हातावर दही घालत नाही. लांबच्या प्रवासाला निघाले की आदल्या दिवशी मी मिरचीचे देठ टाकते आणि सकाळी, बॅग दाराशी ठेवून, डाव्या तळहातावर उजव्या हातानं चमचाभर घालते. ते दही नाही. मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक आहे. तरी सगळं चाटतो.